सायकल विमानातून आणायचीय? मग आधी खोका शोधा

दरवर्षी डिसेंबर आला की पुणे-कन्याकुमारी, मुंबई-कन्याकुमारी असे सायकलवरून निघणारे ग्रुप वाढतच चाललेत. पंधराशे-सोळाशे किलोमीटर, कुणी दहा दिवसांत करतं, कुणी पंधरा. जायची तयारी सगळे दोन महिने आधीपासून करतात, टायर कुठले, चड्ड्या किती, कोकणातून जायचं की बेळगाववरून, यावर रात्र-रात्र चर्चा. आणि परत कसं यायचं हे आठवतं थेट विवेकानंद स्मारकासमोर फोटो काढून झाल्यावर! सोबत सपोर्ट टेम्पो असेल तर तुम्ही सुखी, हा लेख सोडून द्या. नसेल तर दोनच रस्ते, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक करणं (कन्याकुमारीहून पुण्याला थेट गाडी आहे, पण दीड दिवस तरी हमखास जातो) नाहीतर तिरुअनंतपुरमहून विमान.

मी विमानाचंच सांगतो कारण तेच दोनदा केलंय, एकदा गाढवासारखं आणि एकदा नीट.

तिकिटाच्या आधीची कामं

पहिली गोष्ट, सायकल उघडी नेता येत नाही. चाकं लावलेली सायकल काउंटरवर ढकलत नेली की काम झालं असं काही नसतं, खोका किंवा सायकलची बॅग लागतेच. आणि कन्याकुमारीच्या राइडची गंमत ही की तुम्ही घरून सायकल चालवत निघता, त्यामुळे खोका सोबत नसतो, तो तिकडे जाऊन मिळवायचा असतो. म्हणून सगळ्यात आधी खोका, मग तिकीट, हा क्रम लक्षात ठेवा.

खोका मिळतो सायकलच्या दुकानात. नवीन सायकली कारखान्यातून अर्धवट जोडलेल्या येतात, त्यांचे पुठ्ठ्याचे लांबडे खोके दुकानदार रद्दीत देतो किंवा फेकतो. निघायच्या आधी घरबसल्या तिरुअनंतपुरममधली तीन-चार सायकल दुकानं मॅपवर शोधा, फोन करा, हिंदी-इंग्रजी मिळून काम भागतं, "अमुक तारखेला मला एक खोका लागेल, ठेवाल का" एवढंच विचारायचं. मग राइडच्या मधे, मंगळुरूच्या आसपास पोचलात की परत एकदा फोन, कारण दहा दिवसांत दुकानदार विसरलेला असतो. पैसे मागितले तर द्या, घासाघीस करू नका. खोका मोठ्या सायकलचा मागा, २९ इंची चाकाच्या एमटीबीचा (जाड टायरच्या डोंगरी सायकलचा) मिळाला तर उत्तम, रोड बाइकच्या खोक्यात कॅरिअर-मडगार्डवाली हायब्रिड (रोड बाइक आणि एमटीबीच्या मधली) कोंबताना घाम फुटतो. आणि खोक्यात आलेले प्लॅस्टिकचे बारके तुकडेपण मागून घ्या, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) टोकांमधे बसवायचा आडवा तुकडा असतो तो सोन्यासारखा आहे, पुढे सांगतोच.

दुसरं काम एअरलाइनला विचारणं. साइटवर 'स्पोर्ट्स इक्विपमेंट' म्हणून वेगळं पान असतं, ते वाचा आणि तरीही विचारा, फोनवर नाही, ईमेलवर किंवा चॅटवर, म्हणजे लेखी राहतं. विचारायचं काय तर खोक्याची मापं चालतील का, वजन किती चालेल, सायकलचा वेगळा चार्ज आहे की वजन माझ्या बॅगेजमधे धरणार, आणि आधी बुक केलं तर स्वस्त पडतं का. डोमेस्टिकला साध्या तिकिटावर चेक-इन बॅगेज बहुतेक १५ किलोच असतं. आता हिशोब करा, हायब्रिड १२-१३ किलो, कॅरिअर आणि स्टँड धरून १४, खोका तीन-चार किलो, झाले की १८, आणि तुमचे कपडे अजून बाहेरच आहेत. म्हणजे जादा वजनाचे पैसे जाणारच हे गृहीत धरा आणि ते घरूनच ऑनलाइन भरून टाका, काउंटरवरचा किलोमागचा भाव ऐकून माणूस खाली बसतो. मापाचंही तसंच, साधारण लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंत बॅग नॉर्मल धरतात आणि सायकलचा खोका १४० बाय ८० बाय २२ च्या आसपास, म्हणजे बेरीज २४०च्या पुढे. त्यामुळे तो 'ओव्हरसाइज' होणारच, लपवून काही उपयोग नाही.

अजून एक, विमान कुठलं ते बघा. कोल्हापूरला वगैरे जाणारी छोटी एटीआर विमानं असतात, त्यांचा सामानाचा कप्पा लहान, तिथे खोका नाकारू शकतात. तिरुअनंतपुरम-मुंबईला मोठी जेट असतात, तो प्रश्न नाही. पण डिसेंबर-जानेवारी म्हणजे शबरीमलाचा सीझन, फ्लाइटा भरलेल्या, आणि ओव्हरसाइज सामान 'जागा असेल तर' याच अटीवर घेतात. म्हणून शक्यतो कनेक्टिंग नको, थेट फ्लाइट घ्या, आणि कन्याकुमारीला पोचायच्या दिवसाचीच फ्लाइट तर अजिबात काढू नका. कन्याकुमारी ते तिरुअनंतपुरम ९० किलोमीटर, तो एक दिवस सायकलनेच करा, संध्याकाळी पॅकिंग, दुसऱ्या दिवशी दुपारची फ्लाइट. मधे एक दिवस हातात राहिला तर सोन्याहून पिवळं.

पॅकिंग, म्हणजे खरं काम

लॉज बुक करताना तळमजल्यावरची खोली मागा. का ते जिन्यातून खोका उतरवताना कळेलच.

सामान घरून न्यायचं ते एवढं: ४, ५, ६ आणि ८ मिमीच्या ॲलन की, पेडलला बाहेरून पाना लागत असेल तर १५ मिमीचा पाना, पंधरा-वीस केबल टाय, जुना टीशर्ट. बाकी बबल रॅप, रुंद चिकटपट्टी, सुतळी तिकडेच घ्या, ईस्ट फोर्टजवळच्या चाला बाजारात सगळं मिळतं, आणि खोलीवर जायच्या आधी घ्या, रात्री नऊ वाजता चिकटपट्टी शोधत फिरायला लावू नका कुणाला. निघायच्या आधी घरी एकदा ही सगळी खोलाखोल करून बघा आणि सायकल समोरून, बाजूने, हँडलच्या केबलींचे, असे फोटो काढून ठेवा, परत जोडताना फार उपयोग होतो.

पहिल्यांदा पेडल काढा कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. उजवं पेडल नेहमीसारखं उलटं फिरवून सुटतं, डाव्या पेडलचे आटे मात्र उलटे असतात. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी पहिल्या वेळी लॉजच्या खोलीत मी आणि माझा मित्र वीस मिनिटं डावं पेडल घट्ट करत बसलो होतो! शेवटी की सटकली, माझी बोटं चेनरिंगच्या दातांवर, रक्त, आणि मित्र हसतोय. आवाज ऐकून लॉजवाले काका आले, त्यांनी काही न बोलता मोटरीच्या खोलीतून हातभर लोखंडी पाइप आणला, ॲलन कीच्या दांड्यावर चढवला, दुसऱ्या बाजूला दाबला, कट्ट आवाज आला आणि पेडल सुटलं. तेव्हापासून मी डावं-उजवं, आटे-बिटे सगळं सोडून एकच सूत्र पाळतो, सायकल उभी ठेवायची, पाना किंवा की वरच्या दिशेला उभी धरायची आणि मागच्या चाकाकडे ओढायची, दोन्ही पेडलं तशीच सुटतात. आणि निघायच्या आधी घरी एकदा पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, मग पाइपची गरज पडणार नाही.

मग सीट. सीटपोस्ट जिथे फ्रेममधे शिरतो तिथे चिकटपट्टीची एक पट्टी गुंडाळा, म्हणजे परत बसवताना उंची तीच मिळते, आणि मग पूर्ण काढा.

पुढचं चाक काढा. फोर्कच्या दोन टोकांमधे तो प्लॅस्टिकचा तुकडा बसवा, नाही मिळाला तर लाकडाचा ठोकळा कापून चिकटपट्टीने पक्का करा, कारण खोका आडवा आपटला की दाब थेट फोर्कच्या टोकांवर येतो आणि ती दबतात किंवा पुठ्ठा फाडून बाहेर येतात. थ्रू ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा आट्यांचा दांडा) असेल तर तो परत फोर्कमधेच फिरवून ठेवा, हरवायचा नाही, आधारही होतो.

डिस्क ब्रेकवाल्यांनी इथे थांबा. चाक काढल्यावर ब्रेकच्या पॅडमधे घडी घातलेला जाड पुठ्ठा सरकवा, हायड्रॉलिक असेल तर हे करायलाच पाहिजे, कारण प्रवासात लिव्हर दाबला गेला की पॅड आत येऊन चिकटतात आणि मग रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत जातच नाही, घरी पोचून पॅड मागे ढकलत बसावं लागतं. रोटरची चकती नाजूक असते, वाकली की चाक फिरताना खस्-खस् आवाज करत राहते, तेव्हा चाक ठेवताना रोटरची बाजू आत, फ्रेमकडे, आणि मधे पुठ्ठा. रोटर काढूनच ठेवलात तर अजून चांगलं, पण सहा स्क्रूंचा असेल तर टॉर्क्स टी-२५ लागतो, तो किटमधे आहे का ते आधी बघा.

मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो) हा सायकलचा सगळ्यात बाहेर आलेला आणि सगळ्यात पटकन वाकणारा भाग. ५ मिमीच्या ॲलन कीने तो हँगरवरून (फ्रेमवरच्या ज्या छोट्या धातूच्या तुकड्याला तो लटकतो) सोडा, केबल काढायची गरज नाही, बबल रॅपमधे गुंडाळा आणि चेनसकट मागच्या त्रिकोणाच्या आतल्या बाजूला केबल टायने बांधून टाका. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक नवखे लोक नेमकं हेच टाळतात, मग घरी आल्यावर गिअर उड्या मारतात आणि दोष विमानाला. हँगरचा एक स्पेअर तुकडा राइडला निघतानाच सोबत ठेवा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, ऐन वेळी कुठेच मिळत नाही.

हँडलसाठी स्टेमच्या (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याच्या) पुढच्या प्लेटचे चार स्क्रू (बहुतेक ४ मिमी) सोडा, हँडल काढून फ्रेमच्या वरच्या दांडीला समांतर बांधा, केबली ताणल्या जात नाहीत ना बघा, आणि ते चार स्क्रू लगेच परत प्लेटसकट स्टेमला लावून टाका. स्टेमचा वरचा झाकणाचा स्क्रू शक्यतो उघडू नका, उघडलात की फोर्क खाली सरकतो, बेअरिंग, रिंगा पडतात आणि रात्री अकराला कुठली रिंग वर होती कुठली खाली हे कोडं सोडवत बसाल.

टायरमधली हवा. याबद्दल फार गैरसमज आहेत, विमानात टायर फुटतो वगैरे. सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब ठेवलेला असतो, म्हणजे फार तर आठ हजार फुटांवर असतो तेवढा, जमिनीवरच्या दाबापेक्षा तीन-चार पीएसआयनेच कमी. ८० पीएसआयचा टायर ८४चा झाल्यासारखं वागतो, फुटत नाही. पण काउंटरवर हे फिजिक्स समजावू नका, ते विचारतात हवा काढली का, तुम्ही हो म्हणायचं, आणि खरोखर अर्धी काढायची. पूर्ण काढू नका, थोडी हवा असली की रिम वाचते.

आता भरायचं. फ्रेमच्या नळ्यांवर बबल रॅप किंवा एसीच्या पाइपवर घालतात तो काळा फोम चिरून बसवा. फ्रेम खोक्यात, पुढचं चाक डाव्या बाजूला (चेन उजवीकडे असते म्हणून), मधे पुठ्ठा, चाकाच्या ॲक्सलच्या टोकांवर पुठ्ठ्याचे जाड चौकोन, मग चाक फ्रेमला तीन ठिकाणी बांधा. खोका हलवला की आत काही खडखडलं नाही पाहिजे. खडखडलं तर उघडा, परत बांधा. मळके कपडे पोकळ जागांमधे कोंबा, वजनाकडे लक्ष ठेवून.

बारीक वस्तू, म्हणजे पेडल, क्विक रिलीज (चाक हाताने सोडायची दांडी), स्क्रू, सगळं एका जाड कापडी पिशवीत आणि ती पिशवी फ्रेमला बांधलेली. आणि हे विशेष लक्ष द्या, खोक्याला उचलायला दोन बाजूंना हातभोकं असतात ना, ती आतून चिकटपट्टीने अर्धी बंद करा. पहिल्या वेळी माझी पिशवी खोक्यात सुटी टाकलेली होती, प्लॅस्टिकची पातळ, ती फाटली आणि मागच्या चाकाचा क्विक रिलीज त्या भोकातून कुठेतरी आकाशमार्गे निघून गेला. घरी खोका उघडल्यावर सगळं होतं, फक्त मागचं चाक बसवायला काही नव्हतं.

काय न्यायचं नाही

सीओटूचे छोटे सिलिंडर राइडमधेच वापरून संपवा किंवा कुणाला देऊन टाका. आंतरराष्ट्रीय नियमात एअरलाइनच्या परवानगीने थोडे चालतात पण तो वाद घालण्यात फ्लाइट जाईल. पंक्चरचं सोल्यूशन ज्वलनशील, नको, बिनसोल्यूशनचे चिकट पॅच ठेवा. डब्लूडी-४० किंवा चेन क्लीनरचा स्प्रे नको. हातपंप चालतो. ॲलन की, मल्टिटूल, टायर लिव्हर सगळं खोक्यात, केबिन बॅगेत राहिलं तर सिक्युरिटीवाले काढून घेणार, आणि ते नेहमी सगळ्यात महागडंच टूल असतं.

याच्या बरोबर उलटं बॅटरीचं. पॉवर बँक, लाइटच्या सुट्या बॅटऱ्या, इलेक्ट्रॉनिक गिअरच्या निघणाऱ्या बॅटऱ्या या केबिन बॅगेतच, खोक्यात एक जरी राहिली तरी एक्स-रेत दिसते आणि तुम्हाला नावाने हाक मारून बोलवतात. मर्यादा १०० वॅट-अवर, २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ७४च्या आसपास येते, म्हणजे चालते. ई-बाइकवाल्यांनो, सॉरी, तुमची बॅटरी ३००-५०० वॅट-अवरची असते, प्रवासी विमानात ती कुठेच बसत नाही, ना केबिनमधे ना खाली.

विमानतळावर

ॲपवरून साधी कॅब बोलावलीत तर डिकीत सीएनजीची टाकी निघते, हा अनुभव आपल्याकडेही येतोच. मागच्या सीटा पाडता येतील अशी मोठी गाडी आदल्या रात्रीच ठरवा किंवा लॉजवाल्यालाच सांगा, आणि तिकिटावर कुठलं टर्मिनल आहे ते बघून ड्रायव्हरला स्पष्ट सांगा, कारण डोमेस्टिक टर्मिनल शंखुमुखम बीचकडे आणि इंटरनॅशनल टर्मिनल धावपट्टीच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि खोका घेऊन इकडून तिकडे म्हणजे परत गाडी.

फ्लाइटच्या अडीच तास आधी पोचा. काउंटर बहुतेक एक तास आधी बंद होतात आणि ओव्हरसाइजला दोन-तीन ठिकाणी रांगा लागतात: वजन, जास्तीच्या पैशांची पावती, मग वेगळ्या मशिनवर एक्स-रे. खोक्याची एक बाजू पूर्ण चिकटवून टाकू नका, सिक्युरिटीने उघडायला सांगितलं तर फाडावं लागतं. चिकटपट्टीचा रोल हातात ठेवा, एक्स-रे झाला की त्यांच्यासमोरच शेवटची बाजू बंद करा. कात्री लागत नाही, पट्टी दाताने तोडायची, आपण लहानपणापासून तेच करतोय.

काउंटरवरचा माणूस किंवा मुलगी नवीन असेल तर "सर, सायकल अलाउड नाही" हे वाक्य येऊ शकतं. चिडू नका, हळूच तो ईमेल दाखवा, मग ते आतून कुणाला तरी विचारून येतात आणि काम होतं. यासाठीच लेखी घ्यायला सांगितलं. मग एका टॅगवर सही मागतात, 'लिमिटेड रिलीज' म्हणून, अर्थ असा की पॅकिंगमुळे काही मोडलं तर जबाबदारी तुमची. सही करावीच लागते, पण त्याच्या आधी खोक्याचे सहाही बाजूंनी आणि वजनकाट्यावरच्या आकड्याचा फोटो काढा. आणि हेही माहीत असू द्या की देशांतर्गत प्रवासात बॅगेज हरवलं किंवा मोडलं तर एअरलाइनची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपये. सायकल लाखाची असेल तर वेगळा विमा काढा किंवा सरळ भाड्याने कडक केस घ्या, तिचं स्वतःचंच वजन दहा-बारा किलो भरतं हा भाग वेगळा.

मुंबईत खोका नेहमीच्या बेल्टवर येईलच असं नाही, कधी बाजूच्या ओव्हरसाइजच्या दारातून हातगाडीवर येतो, तिकडेही नजर ठेवा. मिळाला की तिथेच, बाहेर पडायच्या आधी, चारी कोपरे बघा, फाटलेला दिसला तर उघडा. काही मोडलं असेल तर एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर पीआयआर नावाचा फॉर्म भरून त्याची कॉपी घ्या. बाहेर गेल्यावर "तिथेच का नाही सांगितलं" एवढंच ऐकायला मिळतं. पुण्याचे असाल तर पुढे बसच्या डिकीत खोका उभा ठेवायला सांगा, आडवा ठेवला की त्याच्यावर बाकीच्यांच्या बॅगा चढतात.

परदेशात न्यायची असेल तर

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस दर चार वर्षांनी होते, मागची २०२३ला झाली, पुढची २०२७ला, १२०० किलोमीटर ९० तासांत, आणि आपल्याकडचे बरेच रँदोनर (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणारे सायकलवाले) त्यासाठी सायकल घेऊन जातात, म्हणून थोडक्यात. बऱ्याच मार्गांवर किलोऐवजी नग मोजतात, २३ किलोचा एक नग, आणि एका नगाचं वजन ३२च्या वर गेलं तर उचलणारी माणसं घेतच नाहीत. दोन वेगळ्या तिकिटांवर कनेक्शन असेल तर मधे खोका उतरवून परत चेक-इन करावा लागू शकतो आणि दुसरी एअरलाइन परत पैसे घेते, तेव्हा एकाच तिकिटावर जा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी टायर आणि मडगार्डखालची माती घासून धुवा, तिथे मातीवरून अडवतात.

घरी आल्यावर जोडताना घाई नको. पेडल आधी हाताने फिरवा, दोन-तीन आटे अलगद बसले की मगच की लावा, डावं पेडल जबरदस्तीने उलट्या आट्यात घुसवलं की क्रँक (पेडल बसतं तो दांडा) गेला. हँडलचे चार स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, कार्बनचं हँडल असेल तर टॉर्क पान्याशिवाय (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) हात लावू नका. पहिली राइड सोसायटीच्या आवारातच, दोन्ही ब्रेक दाबून बघत.

आणि खोका फाडू नका. चिकटपट्टी सोलून, सपाट करून पलंगाखाली सरकवा. माझा आत्ता तिसऱ्या माणसाकडे आहे, पुढच्या महिन्यात तो लेहला चाललाय, आणि घेऊन जाताना त्याने पहिलं काय विचारलं तर हातभोकं आतून का चिकटवलीयत.